नाचणाऱ्या माणसांची सांकेतिक लिपी मराठीत आणता येईल का?

पैलतीर

आमच्या सोसायटीचा हस्तलिखित दिवाळी अंक दरवर्षी निघतो. यंदा त्यात एक रहस्यकथा असावी असे ठरल्यामुळे शेरलॉक होम्सची ‘द डान्सिंग मेन’ ही कथा मराठीत उतरवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आणि आता पुरती अडकले आहे. आर्थर कॉनन डॉयल यांची ही कथा ‘स्ट्रँड’ मासिकात डिसेंबर १९०३ मध्ये आली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी कृपया इथेच थांबावे, कारण पुढे सगळाच उलगडा करावा लागणार आहे.

नॉरफोकमधील हिल्टन क्यूबिट या जमीनदाराच्या घरी खिडकीच्या कठड्यावर आणि अवजारांच्या खोलीच्या दारावर खडूने काढलेल्या चिमुकल्या नाचऱ्या माणसांच्या ओळी दिसू लागतात. पोरासोरांचा खेळ वाटावा अशी ती चित्रे पाहून त्याची अमेरिकेहून आलेली पत्नी एल्सी मात्र भीतीने पांढरीफटक पडते. एक माणूस म्हणजे एक अक्षर आणि ज्याच्या हातात झेंडा असेल ते शब्दाचे शेवटचे अक्षर, एवढीच ती लिपी. ही उकल होम्स कागद-पेन्सिल घेऊन दोन तासांच्या बैठकीत करतो, असे आपण वाचतो आणि मान डोलावतो.

माझी पहिली अडचण आठवीतल्या भाचीने उभी केली. शेवटचा धमकीचा निरोप येण्यापूर्वी होम्सच्या हाती आलेली माणसे तिने बोटांनी मोजली, ती ३८ भरली, आणि “मावशी, एवढ्याशा माणसांवरून कुणाला काय कळणार?” असा प्रश्न तिने टाकला. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, हे खरे. पण ३८ चिन्हांवरून अशी वारंवारिता लावता येते का, की डॉयल यांनी वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकली आहे?

दुसरी अडचण माझी स्वतःची. इंग्रजी निरोप तसेच ठेवून खाली मराठी अर्थ दिला तर कथा वाचता येते, पण सोडवता येत नाही. आणि सोडवता येत नसेल तर ती चित्रे काढण्याचा खटाटोप कशासाठी? निरोप मराठीत करून लिपी नव्याने बेतावी, तर होम्सची तर्काची साखळी जशीच्या तशी टिकेल का, याचा मला अंदाज येत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

त्रैराशिक

तुमच्या भाचीची मोजणी अचूक आहे. तिचा प्रश्न वाचल्यावर मीही काल रात्री वही घेऊन बसलो, आणि जे सापडले ते डॉयल यांच्या बाजूने जाणारे आहे.

होम्सकडे चार निरोप असतात. पहिला १५ माणसांचा (मूळ इंग्रजीचा अर्थ: मी इथे आहे, एब स्लेनी; हा एल्सीला धमकावणारा गुन्हेगार), दुसरा ९ माणसांचा (एलरिजच्या शेतावर), तिसरा पुन्हा ९ माणसांचा (ये, एल्सी) आणि चौथा, झेंडा नसलेला, फक्त ५ माणसांचा. या ३८ चिन्हांत ‘ई’ ११ वेळा आलेले आहे. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरात शंभर अक्षरांमागे ते बारा-तेरा वेळा येते. इथे ते प्रमाण जवळजवळ २९ टक्के भरते. पहिल्याच ओळीत पंधरांपैकी चार माणसे सारखी आहेत. त्यामुळे ‘ई’ ओळखणे ही मोठी करामत नव्हे, आणि तेवढ्यापुरती वारंवारिता पुरते.

गंमत त्याच्या पुढे आहे. होम्स स्वतः अक्षरांचा जो क्रम सांगतो त्यात ‘ई’च्या मागोमाग ‘टी’ येतो. या ३८ चिन्हांत ‘टी’ किती वेळा आला आहे? फक्त एकदा. त्याच क्रमात वरच्या बाजूला असलेला ‘ओ’सुद्धा एकदाच. म्हणजे कोष्टकावर विसंबून होम्स दुसरे पाऊल टाकता तर सरळ खड्ड्यात पडता. डॉयल यांना हे माहीत होते, म्हणून ‘ई’नंतरचा क्रम छोट्या मजकुरात भरवशाचा नसतो, हे त्यांनी होम्सच्याच तोंडून वदवले आहे. इथून पुढे तो मोजणे सोडून देतो आणि माणसांचा विचार करू लागतो.

पाच अक्षरांच्या सुट्या शब्दात दुसरे आणि चौथे अक्षर ‘ई’ आहे. असे शब्द म्हणजे ‘सेव्हर’, ‘लिव्हर’ किंवा ‘नेव्हर’. हा शब्द कोणाच्या तरी विनवणीला दिलेले उत्तर दिसतो, आणि तो बहुधा घरातल्या बाईने लिहिलेला आहे. तेव्हा तो ‘नेव्हर’, म्हणजे ‘कधीच नाही’. झाली तीन नवी अक्षरे. मग एल्सीचे नाव कुठेतरी असणारच, ही अटकळ: तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिले आणि पाचवे अक्षर ‘ई’ आहे, आणि दोन ‘ई’ंच्या मध्ये तीन माणसे असलेला असा एक शब्द एका निरोपाच्या शेवटी सापडतो, तोही तीनदा आलेल्या निरोपाच्या. तिला कोणी तरी काही तरी करायला सांगत आहे, चार इंग्रजी अक्षरांत, शेवटी ‘ई’: म्हणजे ‘कम’, अर्थात ‘ये’. मग उरलेल्या जागा आपोआप भरत जातात.

शेवटचा धमकीचा निरोप येतो तेव्हा त्यातली फक्त दोन चिन्हे अनोळखी उरतात आणि वाक्य तरीही वाचता येते. होम्स गुन्हेगाराला फसवून बोलावण्यासाठी जे खोटे बोलावणे पाठवतो (लगेच इकडे ये) त्यात तोपर्यंत न उलगडलेले एकही अक्षर लागत नाही. मी एकेक अक्षर ताडून पाहिले. डॉयल यांनी हे जाणूनबुजून केले असावे, असे माझे मत आहे.

तेव्हा उकल खरी आहे. मात्र ती वारंवारितेने होत नाही. ती कोण, कोणाला, कशासाठी लिहीत आहे, या अंदाजाने होते. तुम्हाला मराठीत आणायचा आहे तो हा भाग. माणसांची चित्रे त्यामागून येतील.

जुनीपाने

त्रैराशिक यांनी मांडलेला मुद्दा एडगर ॲलन पो यांच्या ‘द गोल्ड बग’लाही लागू पडतो, आणि ती कथा तर ‘नाचऱ्या माणसां’च्या साठ वर्षे आधीची, १८४३ सालची आहे. फिलाडेल्फियाच्या ‘डॉलर न्यूजपेपर’ने तिला १०० डॉलरचे बक्षीस दिले होते. तिथे संकेत लांबलचक आहे आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नाही, त्यामुळे मोजणीला वाव जास्त. नायक लेग्रँड चिन्हे मोजतो: ‘८’ हे ३३ वेळा, अर्धविराम २६ वेळा, ‘४’ हे १९ वेळा. पण पो यांनी दिलेला इंग्रजी अक्षरांचा क्रम चक्क चुकीचा आहे. त्यात ‘टी’ दहाव्या जागी जाऊन बसला आहे, आणि अर्धविराम तर ‘टी’च निघतो! तरीही लेग्रँड अडत नाही, कारण त्याला ‘;४८’ ही तीन चिन्हांची जोडणी सात वेळा दिसते आणि इंग्रजीत शेवटी ‘ई’ असलेला, सतत येणारा तीन अक्षरी शब्द कोणता हे सांगायला कोष्टक लागत नाही. मजकूर इंग्रजीतच आहे हे तरी त्याने कशावरून ठरवले? कातड्यावर सहीच्या जागी करडाचे चित्र होते आणि इंग्रजीत करडू म्हणजे ‘किड’, म्हणजेच समुद्री चाचा कॅप्टन किड. हा श्लेष दुसऱ्या भाषेत होत नाही. अनुवादकाच्या नशिबात काय वाढून ठेवलेले असते, ते यावरून कळावे.

पण मला सांगायचे आहे ते ‘द व्हॅली ऑफ फिअर’बद्दल. ही कादंबरी १९१४-१५ मध्ये ‘स्ट्रँड’मध्ये क्रमशः आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात होम्सला मोरियार्टीच्या टोळीतल्या खबऱ्याकडून नुसत्या आकड्यांचे पत्र येते: ५३४, मग ‘सी २’, मग १३, १२७, ३६ असे. किल्ली सांगणारे दुसरे पत्र येणार असते, ते येत नाही. खबऱ्या घाबरून माघार घेतो. मग होम्स केवळ आकड्यांवरून पुस्तक शोधू लागतो. पान क्रमांक ५३४ आहे, म्हणजे पुस्तक जाडजूड. ‘सी २’ म्हणजे दुसरे प्रकरण (चॅप्टर) असू शकत नाही, कारण ५३४व्या पानावर दुसरेच प्रकरण चालू असेल तर पहिले किती लांब असेल! म्हणजे तो दुसरा स्तंभ (कॉलम). एक शब्द २९३वा आहे, म्हणजे पान मोठे आणि दोन स्तंभांचे. पुस्तक पाठवलेले नाही, म्हणजे ते होम्सच्या घरी असणारच. बायबल? त्याच्या आवृत्त्या अगणित, पाने जुळणार नाहीत. शिवाय मोरियार्टीच्या साथीदाराच्या हाताशी ते असण्याचा संभव कमी. रेल्वेचे वेळापत्रक? त्यातला शब्दसंग्रह तोकडा. शब्दकोश? तोही त्याच कारणाने बाद. उरते ते घरोघरी असणारे वार्षिक, ‘व्हिटेकर्स ॲल्मनॅक’.

होम्स पान उघडतो. तेरावा शब्द निघतो ‘मराठा’! एकशे सत्ताविसावा निघतो ‘सरकार’. मराठा सरकार काय करते म्हणून तो उत्सुकतेने पुढचा शब्द पाहतो, तर ‘डुकराचे केस’. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून खो-खो हसलो होतो. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर, मोरियार्टीच्या गुप्त निरोपात, हिंदुस्थानविषयीच्या पानामुळे आपण असे अवचित उगवतो. मग होम्सच्या ध्यानात येते की आज ७ जानेवारी आहे, आपण नव्या वर्षाचा अंक तत्परतेने घेतला आहे आणि खबऱ्याने बहुधा जुनाच वापरला. जुना काढल्यावर तेरावा शब्द अर्थपूर्ण निघतो आणि धोक्याची सूचना एकेक शब्दाने उलगडत जाते.

पैलतीर, तुमच्या अंकासाठी ही कथा निवडली असती तर काम किती सोपे झाले असते, हा माझा मुद्दा आहे. पुस्तक-संकेत भाषा बदलली तरी मोडत नाही. व्हिटेकरच्या जागी पंचांग ठेवा आणि ७ जानेवारीच्या जागी पाडव्यानंतरचा आठवडा.

शंकेखोर

मला या सगळ्या कौतुकात थोडा खडा टाकायचा आहे. रहस्यकथेतला संकेत हा बहुतेक वेळा दागिना असतो. तो काढून घेतला तरी कथेचे काही अडत नाही. ‘व्हॅली ऑफ फिअर’मधले ते आकडे उलगडतात न उलगडतात तोच पोलीस अधिकारी दारात येऊन, ज्या डग्लसबद्दल ती सूचना असते त्याच्या खुनाची बातमी तोंडी सांगतो, हे जुनीपाने यांनी सांगितलेले नाही. मग एवढ्या डोकेफोडीतून निष्पन्न काय झाले?

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक लेखक मला आर. ऑस्टिन फ्रीमन वाटतात. त्यांच्या डॉ. थॉर्नडाइकची ‘द मोआबाइट सायफर’ ही कथा १९०९च्या संग्रहात आहे. प्राचीन मोआबी लिपीत लिहिलेला एक कागद सापडतो, मोठमोठे विद्वान तो वाचायला बसतात, आणि शेवटी कळते की ती अक्षरे निव्वळ भुलवण्यासाठी होती. खरा मजकूर त्याच कागदावर अदृश्य शाईने लिहिलेला होता. संकेतकथेची याहून चांगली थट्टा मी वाचलेली नाही.

आणि पुस्तक-संकेत भाषा बदलली तरी मोडत नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. इंग्रजी शब्द एकेकटे उचलून ओळीत ठेवले तर वाक्य कसेबसे उभे राहते, कारण त्यांना विभक्तीचे प्रत्यय लागत नाहीत. पंचांगाच्या पानावर ‘डग्लसला’, ‘घरात’, ‘लवकरच’ अशी तयार रूपे कुठून मिळणार? ‘द ग्लोरिया स्कॉट’ या १८९३च्या कथेतला निरोप आठवा: शिकारीच्या पक्ष्यांच्या पुरवठ्याविषयी एक निरर्थक वाटणारे पत्र, ज्यात पहिल्यापासून दर तिसरा शब्द वाचला की ‘खेळ संपला, हडसनने सगळे सांगितले, जीव घेऊन पळ’ असा अर्थ निघतो. हे मराठीत करून पाहा. कर्ता एका वाक्यातून उचलायचा, क्रियापद दुसऱ्यातून, आणि दोघांचे लिंग-वचन जुळले पाहिजे; शिवाय वरचे वाक्यही शुद्ध वाटले पाहिजे. मी तीन संध्याकाळी घालवल्या आणि नाद सोडला.

त्रैराशिक

शंकेखोर, सर्वच लेखकांनी संकेताचा दागिना केला, हे मान्य करता येत नाही. डोरोथी सेयर्स यांची १९३२ची ‘हॅव हिज कार्कस’ ही कादंबरी पाहा. तिथे समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या मृताच्या अंगावरचे पत्र ‘प्लेफेअर’ पद्धतीने लिहिलेले आहे. ही पद्धत चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८५४ मध्ये शोधली आणि लॉर्ड प्लेफेअर यांनी तिचा पाठपुरावा केल्यामुळे नाव त्यांचे पडले. ब्रिटिश सैन्याने ती खरोखर वापरलेली आहे. पाच बाय पाचच्या चौकटीत आधी एक किल्लीचा शब्द, मग उरलेली इंग्रजी अक्षरे लिहायची (‘आय’ आणि ‘जे’ एकाच घरात) आणि मजकूर दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांनी बदलायचा. त्यामुळे एकच ‘ई’ जोडीतल्या दुसऱ्या अक्षराप्रमाणे वेगवेगळ्या रूपांत येतो आणि होम्सचे पहिले पाऊलच निकामी होते.

कादंबरीतले शोधक लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट व्हेन यांना तरीही फट सापडते. पत्राची सुरुवात एक्स-एन, ए-टी, एन-एक्स अशी आहे. पहिली जोडी उलटी केली की तिसरी मिळते. प्लेफेअरमध्ये मूळ जोडी उलटी झाली की संकेतही उलटा होतो, म्हणजे सहा अक्षरांचा असा शब्द हवा ज्याच्या पहिल्या दोन अक्षरांची उलटापालट शेवटी येते. पत्राच्या डोक्यावर माणूस काय लिहितो? गाव आणि तारीख. गाव: वॉर्सा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये सहा अक्षरे, डब्ल्यू-ए ने सुरू आणि ए-डब्ल्यू ने शेवट. किल्लीचा शब्द ‘मोनार्की’, म्हणजे राजेशाही. तो मिळाल्यावर मी चौकट मांडून पडताळा घेतला आणि अक्षर न् अक्षर जुळले. पुढच्याच गटात ‘जून’ही उभा राहतो. तो अख्खा अध्याय पुष्कळ वाचक ओलांडून पुढे जातात, हे मला ठाऊक आहे. पण त्यात लेखिकेने वाचकाच्या हातात सगळी सामग्री ठेवली आहे, आणि तिथे संकेत उलगडल्याशिवाय त्या मृत माणसाला त्या किनाऱ्यावर कोणी आणि काय सांगून बोलावले, हे कळतच नाही.

ज्यूल व्हर्न यांच्या १८८१च्या ‘ला जंगादा’मध्ये तर न्यायाधीश जारिकेझ हा पो यांचा भक्त आहे, तो लेग्रँडची युक्ती वापरतो आणि सपशेल हरतो, कारण तिथे ४३२५१३ ही अंकांची किल्ली फिरत्या क्रमाने लावलेली आहे. उलगडा होतो तो पुन्हा एका नावामुळेच: मजकुराच्या शेवटी ‘ओर्तेगा’ ही सही असणार, या तर्काने. एका निरपराध माणसाची फाशी टळते ती त्यामुळे. हा दागिना म्हणायचा का?

मोडीवळण

चर्चा इंग्रजीतच रमली आहे. मूळ प्रश्न मराठी लिपीचा होता, म्हणून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट: देवनागरीत ‘एक माणूस म्हणजे एक अक्षर’ म्हणायचे तर अक्षर कशाला म्हणायचे, ते आधी ठरवावे लागते. ‘क, का, कि, की’ या प्रत्येकासाठी वेगळा माणूस काढला तर बाराखडीमुळे चारशेच्या वर माणसे लागतील आणि कोणताही माणूस दोनदा येण्याची शाश्वती राहणार नाही. शिवाय इंग्रजीत ‘ई’ उघडपणे लिहावा लागतो, तर आपला सर्वांत जास्त येणारा स्वर, ‘अ’, व्यंजनाच्या पोटात असतो आणि दिसतच नाही. ‘कमल’ या शब्दात तो कुठे दाखवाल?

दुसरी गोष्ट: ‘एल्सी’ हे नाव देवनागरीत दोनच अक्षरांचे होते. ए आणि ल्सी. होम्सने ज्याला पकडून ओढले ते दोन टोकांचे दोन ‘ई’ मराठीत नाहीसेच होतात. म्हणून नायिकेचे नाव बदलणे भाग आहे, आणि ते अक्षरांची पुनरावृत्ती असलेले हवे.

तिसरी गोष्ट: इंग्रजीत जे काम लेग्रँडसाठी त्या तीन अक्षरी शब्दाने केले, ते मराठीत वाक्याचा शेवट करतो. आपली वाक्ये ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’ यांवर येऊन टेकतात. उकल करणाऱ्याने शेवटापासून सुरुवात करावी.

मोडीतून एक सोय उचलता येईल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार आणि उकार वेगळे राखले जात नाहीत; तुम्हीही राखू नका, चिन्हे कमी होतील. मोडीत आधी शिरोरेघ ओढून मग शब्द न तोडता सलग लिहीत जातात, ते मात्र घेऊ नका. डॉयल यांचे झेंडे म्हणजे त्या लिपीतला सर्वांत मोठा कच्चा दुवा आणि सोडवणाऱ्या मुलांचा सर्वांत मोठा आधार आहे.

आणि एक आठवण. शरीराच्या हालचालींतून अक्षर सांगण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणून गुप्त भाषेची कला येतेच, पण त्याहून जवळची आहे ती करपल्लवी. हाताने नागाचा फणा केला की स्वर, कमळ केले की क-वर्ग, चक्र फिरवले की च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार केला की ट-वर्ग, झाड दाखवले की त-वर्ग. मग वर्गातले कितवे अक्षर ते बोटांनी, आणि मात्रा चुटक्यांनी. नाचऱ्या माणसांसाठी हे जणू आयतेच बेतलेले आहे.

त्रैराशिक

करपल्लवीची कल्पना मला फार आवडली, पण तुमच्या कथेसाठी ती घातक ठरेल. तिथे चिन्हांमध्ये पद्धत आहे. एकदा कमळ म्हणजे क-वर्ग हे कळले की पाच व्यंजने एका फटक्यात पडतात, आणि वर्गांचा क्रम लक्षात आला की उरलेली सगळीच. होम्सला मग डोके चालवायची गरजच उरणार नाही. माणसांच्या पायांची ठेवण व्यंजनांना मनमानी पद्धतीने द्यावी. करपल्लवीतून घ्यायची असेल तर मात्रा वेगळी दाखवण्याची युक्ती तेवढी घ्यावी.

पैलतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रविवार खर्ची पडले, पण जमले आहे असे वाटते. पायांची ठेवण म्हणजे व्यंजन, हातांची ठेवण म्हणजे मात्रा. हात खाली सोडलेले असतील तर ‘अ’. सुटा स्वर दाखवायचा तर पाय जुळवून उभा राहिलेला माणूस आणि त्याला हव्या त्या मात्रेचे हात. इकार एकच. जोडाक्षरे टाळली आहेत. एल्सीची झाली ममता.

निरोप असे आहेत: ‘मी इथे आलो आहे’, ‘ममता मी आहे’, ‘ममता परत ये’ आणि तिचे उत्तर ‘कधीच नाही’. एकूण २५ माणसे, म्हणजे डॉयल यांच्यापेक्षाही १३ कमी.

उकल अशी चालते. दोन निरोपांच्या आरंभी तीन माणसांचा तोच शब्द येतो आणि त्यातली पहिली दोन माणसे हुबेहूब सारखी आहेत. घरातल्या बाईचे नाव ममता आहे हे होम्सला ठाऊक आहे. त्यातून ‘म’, ‘त’ आणि काना मिळाला. उत्तरात पाच माणसे, तीन आणि दोन अशी. चौथ्याचे हात कान्याचे आणि दुसऱ्या-पाचव्याचे हात एकसारखे. विनवणीला बाईने दिलेले उत्तर, शेवटचा शब्द दोन अक्षरी, त्यातले पहिले कानायुक्त: ‘नाही’. मग मागचे ‘कधीच’ सुचायला वेळ लागत नाही, आणि ‘मी’ तर आपोआपच वाचता येतो. मोडीवळण यांनी सांगितल्याप्रमाणे वाक्याच्या शेवटी पाहिले तर ‘ह’चे पाय ओळखीचे निघतात आणि ‘आहे’ हाती लागते. एकाराचे हात कळतात.

याच्या पुढचा टप्पा भाचीने शोधला, मी नव्हे. पहिल्या निरोपात ‘मी इथे आ–’ पर्यंत पोहोचल्यावर तिने विचारले की लिहिणारी बाई असती तर ‘आले आहे’ असे झाले असते आणि ‘ले’चे हात ‘हे’सारखेच दिसले असते, ते तसे दिसत नाहीत, म्हणजे लिहिणारा पुरुष आहे ना? त्या एका माणसाच्या हातांवरून ओकारही कळला आणि गुन्हेगार पुरुष आहे हेही. हे इंग्रजी मूळ कथेत होऊच शकत नाही.

धमकीचा निरोप ‘ममता मरायला तयार हो’ असा केला आहे आणि तोपर्यंत त्यातले एकही चिन्ह अनोळखी उरत नाही. होम्सचे खोटे बोलावणे: ‘आता इथे ये’. तेही हाती असलेल्या चिन्हांतच बसते.

शंकेखोर

‘आलो’ आणि ‘आले’ची जागा वाचून मी माझा खडा परत घेतो. निदान अर्धा.

त्रैराशिक

सगळे निरोप ताडून पाहिले, साखळी कुठेही तुटत नाही. फक्त एक अडचण दिसते. डॉयल यांचा झेंडा माणसाच्या हातात असतो. तुम्ही दोन्ही हात मात्रांना देऊन टाकल्यावर झेंडा कोण धरणार? शब्दाच्या शेवटी काना आला की तुमच्या माणसाला तिसरा हात लागेल. आणि शाईने गिरवण्यापूर्वी प्रत्येक माणूस पेन्सिलच्या तक्त्याशी पुन्हा एकदा जुळवून घ्या. खुद्द ‘स्ट्रँड’च्या छपाईत ‘नेव्हर’मधल्या ‘व्ही’साठी आणि धमकीतल्या ‘पी’साठी एकच माणूस पडला आहे.

पैलतीर

झेंडा रद्द केला आहे. शब्दाच्या शेवटच्या माणसाला आता पागोटे घातले आहे. तक्ता भाचीकडे दिला असून ती आज रात्री एकेक माणूस तपासणार आहे; ‘धी’चा डावा हात तिने आत्ताच खोडायला लावला.